राजा दानजोंग: आयुष्य, कुटुंब आणि तीन वर्षांचे राज्य (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोरियन ऐतिहासिक मालिका पाहणाऱ्या मराठी वाचकांकडून या राजाविषयी सातत्याने प्रश्न येतात, आणि त्यांतले बहुतेक प्रश्न त्याच्या नातेवाइकांविषयी असतात. ते योग्यच आहे, कारण दानजोंगची गादी गेली ती घरातल्या माणसांमुळे, आणि मृत्यूनंतर त्याची आठवण जपली तीही बऱ्याच अंशी घरातल्याच माणसांनी. खालील उत्तरांत महिने कोरियन चांद्र पंचांगाप्रमाणे दिले आहेत. वयांबद्दलचा खुलासा प्रश्न ३ मध्ये आहे.

१. दानजोंग कोण होता?

जोसॉन घराण्याने कोरियावर १३९२ ते १९१० या काळात राज्य केले. या घराण्यात एकूण २७ राजे झाले आणि दानजोंग त्यांतला सहावा. तो १४५२ मध्ये गादीवर आला आणि १४५५ मध्ये त्याला ती सोडावी लागली. हंगुल लिपीमुळे जगभर माहीत असलेला राजा सेजोंग हा त्याचा आजोबा, राजा मुनजोंग हा वडील, आणि त्याच्यानंतर ‘सेजो’ या नावाने राज्य करणारा राजपुत्र सुयांग हा त्याचा सख्खा काका होता.

२. काही ठिकाणी त्याला ‘नोसानगुन’ म्हटलेले आढळते. हा दुसरा कोणी आहे का?

नाही, माणूस एकच आहे. त्याचे जन्मनाव यी होंग-वी. कोरियन राजांची आपल्याला ठाऊक असलेली नावे मृत्यूनंतर, राजघराण्याच्या पूर्वजमंदिरात त्यांची पाटी बसवताना दिली जात. दानजोंगला मात्र १४५७ मध्ये पदच्युत करून ‘नोसानगुन’ म्हणजे नोसानचा राजपुत्र एवढाच दर्जा ठेवण्यात आला, त्यामुळे पूर्वजमंदिरात त्याची पाटीच नव्हती. ‘दानजोंग’ हे नाव त्याला १६९८ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर २४१ वर्षांनी मिळाले. या मधल्या काळात लिहिलेल्या बहुतेक मजकुरात तो नोसानगुनच असतो (तपशील प्रश्न १९ मध्ये).

३. गादीवर बसला तेव्हा त्याचे वय १० होते, ११ की १२? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

त्याचा जन्म १४४१ च्या सातव्या महिन्यात झाला आणि तो १४५२ च्या पाचव्या महिन्यात राजा झाला. आपल्या हिशोबाने त्याला तेव्हा दहा वर्षे पूर्ण होऊन अकरावे संपत आले होते. जुन्या कोरियन पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचे धरले जाई आणि प्रत्येक नववर्षाला त्यात एक वर्ष मिळवले जाई, म्हणून कोरियन ग्रंथांत त्याचे वय १२ दिलेले असते. मृत्यूसमयी तो १६ वर्षांचा होता, कोरियन गणनेने १७. या पानावर, वेगळे सांगितले नसेल तेथे, पूर्ण झालेली वर्षे दिली आहेत.

४. जोसॉनमध्ये सर्वांत कमी काळ राज्य केलेला राजा हाच का?

नाही. तो मान बारावा राजा इनजोंग याचा आहे. १५४४ च्या अखेरीस गादीवर आलेला इनजोंग नऊ महिनेही पूर्ण होण्याआधी वारला. सेजोचा मुलगा येजोंग याने सुमारे १४ महिने राज्य केले, आणि दुसरा राजा जॉंगजोंग दोन वर्षांनंतर पायउतार झाला. दानजोंगची तीन वर्षे या तिघांपेक्षा अधिक भरतात. तरीही अल्पकाळाचा राजा म्हटले की लोकांना तोच आठवतो, कारण जिवंत असताना काकाने गादी काढून घेतलेला बालराजा दुसरा कोणी नाही.

५. त्याच्या आईविषयी काय माहिती आहे?

आई आन्दोंगच्या क्वॉन कुळातली. तिला मरणोत्तर ‘राणी ह्यॉनदॉक’ हे नाव मिळाले. युवराज असताना मुनजोंगच्या आधीच्या दोन्ही पत्नींना सेजोंगने घराबाहेर काढले होते. पहिलीने नवऱ्याचे प्रेम मिळवण्यासाठी जादूटोणा केल्याचे उघड झाले, तर दुसरीचे एका दासीशी शरीरसंबंध असल्याचे चौकशीत निघाले. बाहेरून तिसरी सून शोधण्यापेक्षा घरातल्या उपपत्नींपैकी एकीला वर चढवावे असे सेजोंगने ठरवले आणि क्वॉन युवराज्ञी झाली. १४४१ मध्ये मुलगा झाला आणि दुसऱ्याच दिवशी ती बाळंतपणात वारली.

मुनजोंगने त्यानंतर पुन्हा पट्टराणी केली नाही. युवराज आणि राजा म्हणून मिळून तो आणखी अकरा वर्षे जगला, पण राणीचे स्थान रिकामेच राहिले. हा घरगुती वाटणारा निर्णय पुढे किती महागात पडला ते प्रश्न ७ मध्ये पाहा.

६. मग त्याला लहानाचा मोठा कोणी केला?

आजोबा सेजोंगची उपपत्नी हेबिन यांग हिने. नात्याने ती दानजोंगची सावत्र आजी, पण त्याला अंगावर पाजून वाढवले ते तिनेच. दुसरे जवळचे माणूस म्हणजे पाच-सहा वर्षांनी मोठी सख्खी बहीण, राजकन्या ग्यॉंगहे. सेजोंगने १४४८ मध्ये या नातवाला अधिकृतपणे ‘राजपौत्र-वारस’ घोषित केले, म्हणजे वारसाहक्काबद्दल कागदोपत्री कुठलीही शंका नव्हती. १४५० मध्ये आजोबा गेले, १४५२ मध्ये वडील गेले.

हेबिन यांगचा शेवट वाईट झाला. दानजोंगच्या बाजूची म्हणून तिला १४५५ मध्ये आधी हद्दपार करण्यात आले आणि मग त्याच वर्षी ठार मारण्यात आले.

७. राजा लहान असेल तर राजमाता पडद्याआडून कारभार पाहते असे मालिकांत दाखवतात. येथे तसे का झाले नाही?

कारण पडद्याआड बसायला कोणी नव्हतेच. आई जन्मानंतर लगेच गेली, आजी (सेजोंगची राणी सोहॉन) १४४६ मध्ये वारली, आणि वडिलांनी राणी केली नाही म्हणून सावत्र आईही नव्हती. हेबिन यांग प्रेमळ असली तरी उपपत्नी होती. तिच्या शब्दाला राणीच्या शब्दाचे वजन नव्हते. राजघराण्यात वयाने आणि मानाने राजाच्या वर असलेली, प्रधान आणि राजपुत्र या दोघांनाही गप्प बसवू शकेल अशी एकही स्त्री १४५२ मध्ये हयात नव्हती. दानजोंगच्या सगळ्या कथेत हे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि सुयांगच्या महत्त्वाकांक्षेच्या चर्चेत ते नेहमी मागे पडते.

याची दुसरी बाजू त्याच घराण्यात १७ वर्षांनी दिसली. १४६९ मध्ये येजोंग अचानक वारला तेव्हा सुयांगचा नातू सॉंगजोंग गादीवर बसला. तो १२ वर्षांचा होता, म्हणजे जवळजवळ दानजोंगच्याच वयाचा. त्याच्या वतीने आजीने सात वर्षे कारभार पाहिला आणि सॉंगजोंगने पुढे एकूण २५ वर्षे राज्य केले. जोसॉनमधली ही पहिली पडद्याआडची राजमाता म्हणजे सुयांगचीच विधवा, राणी जॉंगही. १४५३ मध्ये सुयांगने उठाव केला त्या रात्री (प्रश्न ९) नवरा घुटमळत असताना चिलखत आणून त्याच्या अंगावर चढवणारीही तीच होती.

८. मग तीन वर्षे राज्य कोण चालवत होते?

पहिले जवळजवळ दीड वर्ष प्रधानांनी चालवले. मुनजोंगने मरताना मुलाला महामंत्री ह्वांगबो इन आणि किम जोंग-सॉ यांच्या हवाली केले होते. किम जोंग-सॉ हा सेजोंगच्या काळात उत्तरेच्या तुमेन नदीकाठी सहा लष्करी ठाणी वसवणारा, दरारा असलेला माणूस होता.

त्यांच्या कारभाराची एक पद्धत फार बदनाम झाली. एखाद्या पदासाठी नावांची यादी राजापुढे जाई, तेव्हा प्रधानांना हव्या असलेल्या नावाशेजारी आधीच पिवळ्या कागदाची खूण लावलेली असे. राजाने फक्त त्या खुणेच्या नावावर शाईचा ठिपका द्यायचा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाकडून वेगळी अपेक्षा करणे कठीण होते, हे मान्य. पण राजपुत्रांना आणि तरुण विद्वान अधिकाऱ्यांना यात राजसत्ता प्रधानांच्या खिशात गेल्याचे दिसले, आणि सुयांगला नेमके तेच निमित्त मिळाले. १४५३ च्या दहाव्या महिन्यातल्या उठावानंतर कारभार सुयांगच्या हातात गेला. राजा नावालाच उरला.

९. १४५३ च्या उठावात नेमके काय घडले?

दहाव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी संध्याकाळी सुयांग थोड्या माणसांनिशी राजधानीच्या पश्चिम वेशीबाहेर किम जोंग-सॉच्या घरी गेला. त्याने त्याच्या हाती एक पत्र दिले. म्हातारा प्रधान ते चंद्राच्या उजेडात धरून वाचत असताना सुयांगच्या सेवकाने त्याच्या डोक्यावर लोखंडी हत्याराचा घाव घातला. मुलगा वडिलांच्या अंगावर आडवा पडला आणि तेथेच मारला गेला. किम जोंग-सॉ मात्र मेला नव्हता. शुद्धीवर आल्यावर त्याने बायकी कपडे घालून पालखीतून शहरात शिरण्याचा प्रयत्न केला, पण वेशी बंद होत्या. तो मुलाच्या सासुरवाडीच्या घरात लपला आणि दुसऱ्या दिवशी सापडला, तेव्हा त्याचे डोके उडवण्यात आले.

दरम्यान सुयांगने राजाच्या नावाने इतर मंत्र्यांना तातडीने बोलावणे धाडले. ह्वांगबो इनसह ज्यांना नको होते ते राजवाड्याच्या दारातच मारले गेले. कोणाला आत सोडायचे आणि कोणाला नाही याची यादी सुयांगचा सल्लागार हान म्यॉंग-ह्वे याने तयार ठेवली होती, अशी सर्वज्ञात कथा आहे. त्यानंतर सुयांगने महामंत्रिपद स्वतःकडे घेतले, आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुका व सैन्य ही दोन खातीही.

१०. बाकीचे काका काय करत होते? सगळे सुयांगच्याच बाजूने होते का?

सेजोंग आणि राणी सोहॉन यांना आठ मुलगे होते, त्यामुळे काका पुष्कळ होते. दानजोंगसाठी त्यांतले दोघे महत्त्वाचे ठरले. तिसरा मुलगा आनप्यॉंग हा उत्तम सुलेखनकार आणि चित्रकारांचा आश्रयदाता होता. त्याने पाहिलेल्या स्वप्नावरून आन ग्यॉन याने १४४७ मध्ये रंगवलेले पीचबागेचे चित्र आजही जपानमध्ये जतन केलेले आहे. प्रधानांशी त्याचे सख्य होते, म्हणून उठावानंतर त्याला गांगह्वा बेटावर पाठवून विष देण्यात आले. सहावा मुलगा गुमसॉंग हा पुतण्याच्या बाजूने शेवटपर्यंत उभा राहिला. त्याच्याविषयी प्रश्न १४ मध्ये आले आहे.

सुयांगच्या बाजूने सर्वांत वजनदार आवाज होता तो सेजोंगचा थोरला भाऊ यांगन्यॉंग याचा. दानजोंगचा हा चुलत आजोबा १४५७ मध्ये गुमसॉंग आणि दानजोंग यांना शिक्षा व्हावी म्हणून पुन्हा पुन्हा अर्ज करणाऱ्यांत पुढे होता.

११. दानजोंगने गादी स्वेच्छेने सोडली असे काही पुस्तकांत लिहिलेले असते. खरे काय?

कागदोपत्री ते राज्यदानच आहे. १४५५ च्या अधिक सहाव्या महिन्यात सुयांगच्या गटाने गुमसॉंग आणि इतर निकटवर्तीयांवर आरोप ठेवून त्यांना हद्दपार करायला लावले, आणि त्याच दिवशी १३ वर्षांच्या राजाने ‘मी लहान आहे, कारभार झेपत नाही’ असे म्हणून ग्यॉंगबोक राजवाड्यातल्या ग्यॉंगह्वेरू मंडपात काकाला राजमुद्रा दिली. मुद्रा आणून देण्याचे काम नेमके सॉंग साम-मुन या सचिवाकडे आले. तो ती छातीशी धरून रडला अशी आख्यायिका आहे. दानजोंगला ‘माजी राजा’ हा मान देऊन छांगदॉक राजवाड्यात ठेवण्यात आले. आजूबाजूची सगळी माणसे काढून घेतल्यावर दिलेल्या संमतीला स्वेच्छा म्हणणे मला पटत नाही.

१२. त्याचे लग्न झाले होते का? मुले होती का? आज त्याचे वंशज आहेत का?

लग्न झाले होते, मुले नव्हती, आणि म्हणून थेट वंशज नाहीत. १४५४ च्या आरंभी त्याचा विवाह यॉसानच्या सोंग कुळातील, त्याच्याहून एका वर्षाने मोठ्या मुलीशी झाला. ती राणी जॉंगसुन. सासरे सोंग ह्यॉन-सू. वडिलांच्या सुतकात राजाने लग्न करू नये असा दंडक असताना हे लग्न लावण्याचा आग्रह सुयांगने धरला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. राणीसोबत किम आणि क्वॉन कुळांतल्या दोन उपपत्नीही निवडल्या गेल्या. सासरे १४५७ मध्ये, तर उपपत्नी क्वॉनचे वडील १४५६ मध्ये मारले गेले. राणीच्या पुढच्या आयुष्यासाठी प्रश्न १७ पाहा.

१३. ‘सहा हुतात्मा मंत्री’ म्हणजे कोण?

सॉंग साम-मुन, पाक फेंग-न्यॉन, हा वी-जी, यी गे, यू सॉंग-वॉन आणि यू उंग-बू. यांतला यू उंग-बू सेनाधिकारी होता. इतर पाच जण सेजोंगने उभारलेल्या विद्वत्‌सभेत तयार झालेले होते. १४५६ च्या उन्हाळ्यात चीनच्या मिंग दरबाराचे दूत आले असताना मेजवानीत सेजोला मारून दानजोंगला परत गादीवर बसवायचे असा त्यांचा बेत होता. राजामागे तलवार घेऊन उभे राहण्याचे काम यू उंग-बू आणि सॉंग साम-मुनचे वडील यांच्याकडे यायचे होते. ऐन वेळी जागा अपुरी असल्याच्या सबबीवर तलवारधाऱ्यांची प्रथा रद्द झाली आणि बेत पुढे ढकलला गेला. कटातला किम जिल घाबरला, त्याने सासऱ्याला सांगितले आणि दोघांनी जाऊन राजाला.

पुढच्या पिढीतल्या नाम ह्यो-ऑन याने या सहा जणांची चरित्रे लिहिली, आणि आज सांगितले जाणारे बहुतेक तपशील तेथूनच आलेले आहेत. सॉंग साम-मुनने चौकशीत सेजोला ‘महाराज’ न म्हणता राजपुत्राला साजेसेच संबोधन वापरले. ‘माझे वेतन खाल्लेस ना’ असे विचारल्यावर ‘घरी जाऊन पाहा’ असे उत्तर दिले, आणि पाहिले तर सेजोच्या राज्यारोहणापासूनचे सगळे धान्य कोठारात न उघडता पडलेले होते, असे तो सांगतो. दानजोंगच्या आईच्या माहेरची माणसेही, तिची आई आणि भाऊ, या कटात सामील होती. त्याचा परिणाम प्रश्न १८ मध्ये आहे.

१४. त्याला यॉंगवॉललाच का पाठवले, आणि तेथे तो कसा राहिला?

कटानंतर ‘माजी राजा’ राजधानीत असणे सेजोला परवडणारे नव्हते. १४५७ च्या सहाव्या महिन्यात त्याला नोसानगुन करून आजच्या गांगवॉन प्रांतातल्या यॉंगवॉलला, ५० सैनिकांच्या पहाऱ्यात रवाना करण्यात आले. तेथली छॉंगन्यॉंगफो ही जागा पाहिली की निवडीचे कारण समजते. तीन बाजूंनी नदीचा वळसा आणि चौथ्या बाजूला उभा कडा, त्यामुळे भिंत बांधण्याची गरजच नव्हती. आजही तेथे छोट्या होडीनेच जावे लागते. आत दाट पाइनवृक्ष आहेत आणि त्यांत सुमारे ३० मीटर उंचीचे, जमिनीपासून थोड्या अंतरावर दोन खोडांत फुटलेले एक जुने झाड आहे. त्या बेचक्यात दानजोंग बसत असे, असे स्थानिक सांगतात.

तेथे एक दगड आहे, त्यावर पूर्व-पश्चिम ३०० आणि दक्षिण-उत्तर ४९० ‘छॉक’ (साधारण फुटाएवढे माप) ही हद्द कोरलेली आहे. दानजोंगला एवढ्यातच फिरण्याची परवानगी होती असे मार्गदर्शक सांगतात, पण दगड १७२६ चा आहे आणि तो सामान्य लोकांनी त्या पवित्र जागेत शिरू नये म्हणून लावलेला आहे.

दोनेक महिन्यांत पुराच्या भीतीने त्याला गावातल्या ग्वानफुंगहॉन या सरकारी वास्तूत हलवले. त्याच सुमारास सुनहुंग येथे हद्दपारीत असलेल्या गुमसॉंगने तेथल्या अधिकाऱ्याच्या साहाय्याने पुतण्याला परत आणण्याचा बेत केला आणि तोही फुटला. गुमसॉंग मारला गेला, सुनहुंगमध्ये मोठे हत्याकांड झाले आणि तो जिल्हाच रद्द करण्यात आला. दोन वर्षांत दोन कट झाल्यावर दानजोंगला जिवंत ठेवले जाणार नाही हे स्पष्ट झाले.

१५. त्याने आत्महत्या केली की त्याला विष दिले गेले?

अधिकृत इतिहासात सेजोच्या कारकिर्दीच्या नोंदीत असे आहे की सासरे आणि गुमसॉंग यांना मृत्युदंड झाल्याचे ऐकून नोसानगुनने १४५७ च्या दहाव्या महिन्यात गळफास घेतला आणि त्याच्यावर रीतसर अंत्यसंस्कार झाले. नंतरच्या खासगी ग्रंथांत आणि सुकजोंग राजाच्या काळातल्या चर्चेत वेगळी हकीगत येते. राजाज्ञेने विष घेऊन आलेला अधिकारी वांग बांग-यॉन दारात पोहोचला, पण आत जाण्याचा धीर न होऊन अंगणात पालथा पडून राहिला, आणि अखेर तेथल्या एका नोकराने धनुष्याच्या दोरीने राजाचा गळा आवळला. परतताना नदीकाठी बसून त्या अधिकाऱ्याने रचलेली म्हणून एक छोटी कविता प्रसिद्ध आहे.

तपशील कोणते खरे यावर मतभेद आहेत. पण ‘रीतसर अंत्यसंस्कार’ हा अधिकृत दावा टिकत नाही, कारण पुढे कित्येक दशके कबरीची जागाच दरबाराला सांगता येत नव्हती. नोंद येथे खोटी असेल तर आत्महत्येबद्दलही ती प्रमाण मानणे अवघड आहे.

१६. मृतदेहाचे काय झाले?

प्रेताला हात लावणाऱ्याच्या तीन पिढ्या मारल्या जातील या भीतीने कोणी पुढे येईना. यॉंगवॉलच्या कारकुनांचा प्रमुख ऑम हुंग-दो याने रात्री ते उचलले, डोंगरात पुरले आणि मग कुटुंबासह गाव सोडले. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ असताना एक हरीण बसून उठले त्या जागेवर बर्फ नव्हता, म्हणून तेथे खणले, अशी कथा सांगतात. १५१६ मध्ये दरबाराने कबरीची प्रथम दखल घेतली, १५४१ मध्ये स्थानिक अधिकाऱ्याने ती नीट केली, आणि १६९८ नंतर ती ‘जांगनुंग’ नावाची राजसमाधी झाली. २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या ४० जोसॉन समाध्यांत तिचा समावेश आहे.

१७. राणी जॉंगसुनचे पुढे काय झाले?

ती नवऱ्यामागे ६४ वर्षे जगली आणि १५२१ मध्ये, कोरियन गणनेने ८२ व्या वर्षी वारली. या काळात सेजोपासून जुंगजोंगपर्यंत पाच राजे तिने पाहिले. राजधानीच्या पूर्व वेशीबाहेर, आज छॉंगन्योंगसा हा मठ आहे त्या परिसरात ती काही दासींसह राहिली. राजवाड्याची मदत तिने नाकारली असे म्हणतात. कापड जांभळ्या मुळाने रंगवून ती गुजराण करी. सोलच्या त्या भागात जांभळ्या पाण्याची म्हणून एक विहीर दाखवतात. तिच्याकडे कोणी अन्न पोहोचवू नये असा हुकूम झाला तेव्हा शेजारच्या बायकांनी जवळच फक्त स्त्रियांचा भाजीबाजार भरवला आणि गर्दीच्या आडून तिला भाजी दिली, ही तेथली आवडती कथा. नवरा गेला त्या पूर्व दिशेकडे पाहून ती ज्या टेकडीवर रडे, तिचे नाव १७७१ मध्ये राजा यॉंगजोने स्वतः लिहून खडकावर कोरून घेतले.

तिचा शेवटचा आधार झाला तो नणंदेचा मुलगा, जॉंग मी-सू. मूलबाळ नसलेल्या मामीने त्याला मुलासारखे मानले. तो तिच्याआधी वारला, पण तिचा अंत्यविधी त्याच्या घराण्याने केला आणि तिला आपल्या कुळाच्या जमिनीत पुरले. म्हणूनच नाम्यांगजूमधल्या तिच्या ‘सारुंग’ समाधीभोवती हेजूच्या जॉंग कुळाच्या कबरी आजही आहेत. राजसमाधीच्या हद्दीत परक्या कुळाच्या कबरी राहू देत नाहीत, हा त्यातला विरळा अपवाद.

१८. बहिणीला दासी केले गेले, आणि आईच्या भुताने सेजोला शाप दिला, या गोष्टी खऱ्या आहेत का?

दोन्ही गोष्टी मालिकांमुळे पक्क्या झाल्या आहेत. राजकन्या ग्यॉंगहेचा नवरा जॉंग जोंग याला एका हद्दपारीतून दुसऱ्या हद्दपारीत हलवत अखेर १४६१ मध्ये देहाचे तुकडे करून मारले, हे खरे आहे. तिने काही काळ भिक्षुणीव्रत घेतले. पण मृत्यूपूर्वी तिने मुलाला मालमत्ता लिहून दिलेला १४७३ चा दस्तऐवज उपलब्ध आहे आणि त्यात ती ‘राजकन्या’ या पदानेच सही-शिक्का करते. दासीपण कायम झाले असते तर हे शक्य नव्हते.

शापाची कथा अशी: क्वॉन राणी सेजोच्या स्वप्नात येऊन त्याच्यावर थुंकली, त्याला त्वचारोग झाला, आणि ‘तू माझा मुलगा मारलास, मी तुझा मारते’ म्हणून युवराज वारला. तारखाच जुळत नाहीत. युवराज १४५७ च्या नवव्या महिन्यात वारला, दानजोंग दहाव्या महिन्यात. खरा सूड उलट दिशेचा होता. माहेरच्या माणसांच्या कटामुळे मेलेल्या राणीचा दर्जा काढून घेण्यात आला आणि आन्सानमधली तिची समाधी उकरली गेली. १५१३ मध्ये तिला पुन्हा राणीपद देऊन मुनजोंगशेजारी जागा मिळाली.

१९. नंतरचे सगळे राजे सेजोचेच वंशज होते. मग त्यांनीच दानजोंगला पुन्हा राजा कसे केले?

हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. दानजोंग निर्दोष म्हटला की सेजो अपहारक ठरतो, आणि सेजो अपहारक तर त्याचे सगळे वारस अवैध. म्हणून सुकजोंगने टप्प्याटप्प्याने पावले टाकली. १६८१ मध्ये नोसानगुनला मोठ्या राजपुत्राचा दर्जा दिला. १६९१ मध्ये सहा मंत्र्यांची पदे परत केली, आणि त्यासाठी आधार घेतला तो ‘ते आजचे अपराधी, पण उद्याचे निष्ठावंत’ असे सेजोनेच म्हटले होते या परंपरेचा. अखेर १६९८ मध्ये सिन ग्यू या माजी अधिकाऱ्याच्या अर्जावरून राजा आणि राणी दोघांनाही पूर्ण मान मिळाला. दोष भोवतालच्या मंत्र्यांवर गेला, सेजोवर नाही. युक्तिवाद ओढूनताणून केलेला आहे, पण सतराव्या शतकातल्या राजाला राजनिष्ठा शिकवण्यासाठी हे हुतात्मे हवेच होते.

२०. जांगनुंग इतर राजसमाध्यांहून वेगळी का दिसते?

ती मुळात लपवलेली कबर होती, म्हणून. राजसमाधी राजधानीपासून १०० ‘री’च्या (साधारण ४० किलोमीटर) आत असावी असा नियम होता, तो येथे लागूच पडत नाही. समाधी अरुंद कड्यावर आहे, त्यामुळे खालचा विधिमार्ग सरळ न जाता काटकोनात वळतो. दगडी पुतळ्यांत मुलकी अधिकारी आहेत, सेनाधिकारी नाहीत. तलवारीच्या बळावर गादी गेली म्हणून योद्धे ठेवले नाहीत असे कारण लोक देतात. पण मरणोत्तर राजपद मिळालेल्यांच्या समाध्यांचा थाट कमीच ठेवत, आणि राणीच्या सारुंगलाही योद्धे नाहीत. दानजोंगसाठी प्राण दिलेल्या २६८ जणांच्या नावांच्या पाट्या ठेवलेले देवघर मात्र याच समाधीला आहे.

२१. या काळाचा मूळ ग्रंथ कोणता आणि त्यावर किती विश्वास ठेवावा?

प्रत्येक जोसॉन राजाच्या मृत्यूनंतर त्याच्या कारकिर्दीचा ‘सिल्लोक’ म्हणजे दरबारी इतिवृत्त तयार होई. दानजोंगचे इतिवृत्त सेजोच्या बाजूच्या लोकांनी ‘नोसानगुनची दैनंदिनी’ या नावाने तयार केले, आणि संपादकांची नावे त्यात दिलेली नाहीत. मुखपृष्ठावर दानजोंगचे नाव अठराव्या शतकाच्या आरंभी आले, आतला मजकूर बदलला नाही. त्यामुळे उठावाच्या वेळी केवळ राजपुत्र असलेल्या सुयांगचा उल्लेखही तेथे ‘सेजो’ असाच आहे. किम जोंग-सॉच्या घरासमोरचा प्रसंग (प्रश्न ९) यात बारकाईने आला आहे, कारण तो जेत्यांना अभिमानाचा वाटत होता. दानजोंगचा मृत्यू सेजोच्या इतिवृत्तात एका वाक्यात उरकला आहे. दोन्ही ग्रंथ मूळ चिनी अक्षरांत आणि आधुनिक कोरियन भाषांतरासह कोरियाच्या राष्ट्रीय इतिहाससंस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.